दोन खोल्यांतील आगगाडी

पुणें सोडून लोणावळ्याकडे निघालेली लोकल खडकीनंतर मुळेचा पूल ओलांडते आणि दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी अशीं स्टेशनें एकामागून एक घेत पुढें जाते. या लोहमार्गाच्या दोहों बाजूंस आज जी दाट वस्ती दिसते ती बहुतेक कारखान्यांच्या आश्रयानें उभी राहिली. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. पुढें चिंचवड, आकुर्डी, भोसरी या बाजूंस यंत्रांचे, मोटारींचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने आले. आणि ही रांग वाढत वाढत चाकणच्या माळापर्यंत जाऊन पोंचली. या वस्तींतील एखाद्या गृहस्थाचें घर डोळ्यांपुढें आणावें. स्वयंपाकघर धरून दोन किंवा तीन खोल्या. बाहेरच्या खोलींत दिवाण, लोखंडी कपाट, मुलांचें अभ्यासाचें टेबल. उरलेल्या जागेंत माणसांनीं चालावें-फिरावें. गृहस्थ टूलरूममध्यें कामाला आहे. दिवसभर मिलीमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवणारा. फाटकापाशीं उभें राहून जाणारी गाडी शेवटच्या डब्यापर्यंत पाहावयाची ही त्याची लहानपणची खोड अद्याप गेलेली नाहीं. आपल्या घरीं रुळांवरून धांवणारी एक लहानशी आगगाडी असावी असें त्याला मनापासून वाटतें. आणि तसें वाटतांच तो खोलीच्या चार भिंतींकडे पाहतो आणि गप्प बसतो.

त्यानें गप्प बसूं नये, एवढेंच येथें सांगावयाचें आहे. परंतु तें नीट सांगावयाचें तर थोडें आडवळणानें जावें लागेल.

बहुतेक घरांत या छंदाचा आरंभ आणि अंत एकाच ऋतूंत होतो. वाढदिवसाला एक पेटी येते. तींत इंजिन, तीन डबे आणि वर्तुळाकार रुळांचे तुकडे असतात. रविवारीं जमिनीवर तें वर्तुळ मांडलें जातें, गाडी फिरूं लागते, घरांतील सर्व मंडळी भोंवतीं जमतात. दहा फेऱ्या होतात, वीस होतात. मग प्रथम वडील माणसें उठतात, नंतर मुलें. जेवणाचीं पानें मांडण्यासाठीं रूळ उचलावे लागतात. पुढच्या रविवारीं ते पुन्हां जोडले जातात, त्याच्या पुढच्या रविवारीं जोडले जात नाहींत, आणि दिवाळीच्या साफसफाईंत पेटी माळ्यावर जाते. घरांत सर्वानुमतें निदान ठरतें कीं, जागा नव्हती. वस्तुतः जागा होती. नव्हतें तें गाडीला जाण्याचें ठिकाण. वर्तुळावर फिरणारी गाडी कोठूनही निघत नाहीं आणि कोठेंही पोंचत नाहीं. तिला उशीर होत नाहीं, तिची कोणी वाट पाहत नाहीं. मोठ्या दिवाणखान्यांत मोठें वर्तुळ मांडलें तरी हा दोष तसाच राहतो; फक्त तो कळावयास थोडा अधिक वेळ लागतो.

जागा मोठी असली आणि तिला योजनेची जोड मिळाली म्हणजे काय घडतें हें पाहावयाचें असेल तर फार दूर जावयास नको. पुण्यास कोथरूडमध्यें जोशी यांचें लघुरेल्वेचें संग्रहालय आहे. भाऊ या नांवानें ओळखले जाणारे बी. एस. जोशी यांनीं हा छंद हौसेनें वाढविला आणि १ एप्रिल १९९८ रोजीं तो सर्वांसाठीं खुला झाला. तेथें एका दालनांत एक सबंध शहरच वसविलेलें आहे. वाफेच्या इंजिनापासून अतिवेगवान गाडीपर्यंत नाना तऱ्हेच्या गाड्या, सिग्नल, उड्डाणपूल, दोरवाट, सर्कशीचा तंबू, पोहण्याचा तलाव. आणि दालनांतील दिवे मालवले म्हणजे त्या शहरांत रात्र होते व घराघरांतून दिवे लागतात. हें पाहून परतणाऱ्याला जितका आनंद होतो तितकीच निराशाही होण्याचा संभव आहे. कारण त्याला वाटतें, असें दालन असेल तरच या वाटेस जावें. तेथून घरीं नेण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. त्या शहरांतील गाड्या शहराच्या कामासाठीं धांवत असल्यासारख्या वाटतात. आणि ही गोष्ट दालनावर अवलंबून नाहीं.

मग कमी जागेंत गाडीला ठिकाण कसें द्यावयाचें? याचें उत्तर कोणत्याही विलायती पुस्तकापेक्षां चिंचवडवरून जाणाऱ्या याच लोहमार्गाच्या इतिहासांत अधिक चांगलें सांपडतें. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा मार्ग १४ जून १८५८ रोजीं सुरू झाला. मुंबईकडची गाडी त्यापूर्वींच घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीपर्यंत येऊं लागली होती. मधला बोरघाट मात्र उतारूंना पालखींतून, तट्टावरून किंवा पायीं चढावा लागे. पांच वर्षें हा क्रम चालला. १८६३ सालीं गाडी घाट चढूं लागली. सुमारें सोळा मैलांत अठराशें फुटांहून अधिक चढ. आणि जेथें चढ सर्वांत खडा तेथें प्रमाण सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढें गेलें कीं एक फूट वर. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य इंजिनिअर जेम्स जॉन बर्कले याच्यापुढें जो पेंच पडला तो अगदीं आपल्या चिंचवडच्या गृहस्थासारखाच होता. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस दरी. गाडीनें प्रशस्त वळण घेऊन वर यावें एवढी जागा डोंगराच्या कडेला नव्हती. बर्कलेनें वळणच सोडून दिलें. खंडाळ्याच्या खालीं त्यानें एक स्टेशन बांधलें, तेथें गाडी सरळ आंत शिरे, थांबे, आणि तिची शेंडी होती ती शेपटी होऊन उलट दिशेनें वरच्या रुळांवर निघे. इंग्रजी झेड अक्षराच्या दोन रेघा डोंगरावर आडव्या काढाव्या, तसा हा प्रकार. या रिव्हर्सिंग स्टेशनांतून १९२९ पर्यंत गाड्या जात होत्या. त्या सालीं बोगद्यांचा नवा मार्ग तयार झाला आणि तें स्टेशन कायमचें बंद पडलें.

या कामाची किंमत किती पडली तेंही विसरूं नये. बर्कले १८६२ मध्यें, म्हणजे घाट खुला होण्याच्या आदल्या वर्षीं, वारला. त्यापूर्वीं १८५९ सालीं सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार हिंदुस्थानांत पाऊल ठेवतो न ठेवतो तोंच मरण पावला, आणि त्याची पत्नी अॅलिस हिनें तें कंत्राट पुरें करविलें. पटकीनें आणि तापानें जे हजारों मजूर गेले त्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत. प्रतिकृतींत यांतलें कांहींच दाखवितां येत नाहीं. पण ती करणाऱ्याला तें ठाऊक असावें.

आतां त्या रिव्हर्सिंग स्टेशनाचें प्रकरण खोलींत आणूं. त्यासाठीं थोडें अंकगणित लागेल. बाजारांत मिळणाऱ्या छोट्या रेल्वेचीं मुख्य प्रमाणें तीन. एच्-ओ हें पहिलें. त्यांत प्रत्येक वस्तु मूळच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी असते आणि दोन रुळांतील अंतर साडेसोळा मिलीमीटर. दुसरें एन्, प्रमाण १:१६०, रुळांतील अंतर नऊ मिलीमीटर. तिसरें झेड, १:२२० आणि साडेसहा मिलीमीटर. याहूनही लहान प्रमाणें आहेत, परंतु तीं हाताळावयास घड्याळजीची बोटें पाहिजेत. भारतीय रेल्वेचा नेहमींचा जुना डबा एकवीस मीटरांहून थोडा लांब असतो. तो एच्-ओमध्यें सुमारें साडेचोवीस सेंटिमीटरांचा होतो आणि एन्‌मध्यें तेरा सेंटिमीटरांचा. इथपर्यंत सर्व सुरळीत आहे. घोटाळा होतो तो वळणापाशीं. भारतांतील ब्रॉडगेजवर जें अतितीव्र वळण चालतें त्याची त्रिज्या १७५ मीटर. एच्-ओच्या हिशेबानें ती दोन मीटर येते, म्हणजे गाडी वळून परत येण्यास चार मीटर रुंदीची जागा हवी. चिंचवडच्या खोलीची गोष्ट सोडा, वाड्यांतल्या माजघरालाही ती जड जाईल. म्हणून खेळणीं करणारे कारखाने छत्तीस-सदतीस सेंटिमीटर त्रिज्येचीं वळणें विकतात. त्यांवरून लांब डबा जाऊं लागला कीं त्याचें पोट आंतल्या बाजूस आणि दोन्ही टोकें बाहेरच्या बाजूस लोंबकळतात. हें दृश्य पाहून ज्याला कांहींच वाटत नाहीं त्यानें खुशाल वर्तुळ मांडावें. इतरांनीं बर्कलेप्रमाणें वळणच सोडावें.

एकशें ऐंशी सेंटिमीटर लांब आणि पस्तीस सेंटिमीटर रुंद अशी प्लायवूडची एक फळी घ्यावी. प्रमाण एन्. फळीच्या डाव्या टोंकाला, पुढच्या बाजूस, खालचा रूळ सुरू होतो आणि उजवीकडे चढत जातो. उजव्या टोंकाचे पन्नास सेंटिमीटर सपाट ठेवावे. तें आपलें रिव्हर्सिंग स्टेशन. त्यांत एक इंजिन आणि तीन डबे सुखानें उभे राहतात. सपाट भागाच्या आरंभीं एक सांधा. त्या सांध्यापासून मागच्या बाजूचा दुसरा रूळ डावीकडे पुन्हां चढत जातो. प्रत्येक चढाला एकशें तीस सेंटिमीटर लांबी मिळते. बोरघाटाचाच सदतिसास एक हा चढ ठेवला तर एका चढांत साडेतीन सेंटिमीटर आणि दोहोंत मिळून सात सेंटिमीटर उंची साधते. डाव्या टोंकाला वरचा रूळ खालच्या रुळाच्या डोक्यावर सात सेंटिमीटर आलेला दिसतो. प्रत्यक्षांत ते अकरा मीटर झाले. तीन मजली घराहून अधिक. हीच उंची वर्तुळाकार चढानें गांठावयाची तर पन्नास सेंटिमीटरांचा चौरस अडवून दोन वेढे घालावे लागतील आणि गाडी त्या वेढ्यांत दिसेनाशी होईल, तें निराळेंच. येथें ती सबंध वेळ डोळ्यांसमोर आहे.

या योजनेचा आणखी एक फायदा विजेच्या बाजूनें होतो. साध्या पद्धतींत बारा व्होल्टची वीज दोन रुळांतून इंजिनाला मिळते. एक रूळ धन, दुसरा ऋण. गाडीला वळसा घालून त्याच रुळावर परत आणलें कीं धनाचा रूळ ऋणाला जाऊन भिडतो आणि तेथें रूळ तोडून निराळी जोडणी करावी लागते. नवशिका येथें हमखास अडतो. उलट फिरण्याच्या स्टेशनांत हा प्रश्नच उत्पन्न होत नाहीं, कारण डावा रूळ शेवटपर्यंत डावाच राहतो. इंजिन पहिल्या चढावर डबे ओढतें आणि दुसऱ्यावर ढकलतें. हेंही घाटाला धरूनच आहे. कर्जतहून वर येणाऱ्या गाड्यांना मागून इंजिनें लावून ढकलण्याची पद्धत आजही चालू आहे.

येथें एक प्रामाणिकपणाचा प्रश्न उभा राहतो. पुण्याकडच्या कोणत्याही घरांत आगगाडीची गोष्ट निघाली कीं डेक्कन क्वीन हवी असा आग्रह होतो. ही गाडी १ जून १९३० रोजीं सुरू झाली, म्हणजे रिव्हर्सिंग स्टेशन बंद पडल्यानंतर. तिनें त्या स्टेशनाचें तोंडही पाहिलेलें नाहीं. जो काटेकोर असेल त्यानें १९२९ पूर्वींचा काळ धरावा आणि वाफेच्या इंजिनामागें तीन डबे लावावे. ज्याला राणीच हवी त्यानें निराळी सरळ फळी घ्यावी. आणि त्याला इतिहास अनुकूलच आहे. आज ही गाडी सोळा-सतरा डब्यांची असते. ती जशीच्या तशी केली तर एन्‌मध्येंही दोन मीटरांवर जाईल. परंतु १९३० सालीं ती सात डब्यांची होती. इंजिनासह एक मीटरांत सबंध राणी, एकही डबा न गाळतां! जागेची अडचण असेल तेव्हां गाडी तोडण्यापेक्षां मागच्या काळांत जाऊन लहान गाडी शोधावी, हा उपाय पुष्कळांना सुचत नाहीं. आणि घरांतल्या मुलांनीं हट्टच धरला तर राणीला रिव्हर्सिंग स्टेशनांतून खुशाल न्यावें. फक्त फळीखालच्या पाटीवर साल लिहूं नये.

भारतीय गाडीची प्रतिकृति करणाऱ्याला आणखी एक कांटा बोंचतो, तो रुंदीचा. भारतांतील ब्रॉडगेज १६७६ मिलीमीटर. युरोपांतील नेहमींची रेल्वे १४३५. तयार रूळ युरोपच्या मापाचे असतात. एच्-ओच्या प्रमाणांत ब्रॉडगेजला सव्वाएकोणीस मिलीमीटर अंतर हवें, आणि हाताशीं असतें साडेसोळा. पावणेतीन मिलीमीटरांनीं काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. समोरून पाहिलें म्हणजे बिघडतें. रुंद अंगाची भारतीय गाडी अरुंद पायांवर उभी, पहिलवानाला मुलाचे जोडे घातल्यासारखी दिसते. यावर तीन तोडगे आहेत. पहिला, डोळेझांक करणें. दुसरा, स्वतः रूळ बांधणें. हें वाटतें तितकें अवघड नाहीं, पण इंजिनाचे आंस बदलावे लागतात, आणि तेथें टूलरूमचा हात लागतो. ज्या वस्तींत लेथवर काम करणारीं माणसें गल्लोगल्लीं आहेत त्या वस्तींत हा तोडगा इतर ठिकाणांपेक्षां सोपा, हें मान्य करावें लागेल. तिसरा तोडगा असा कीं, रूळ साडेसोळाचेच ठेवावे आणि डबेच सत्त्याऐंशीव्याऐवजीं शंभराव्या भागाचे करावे. १६७६ ला साडेसोळानें भागलें तर एकशें एक आणि वर थोडें येतें. फरक नजरेस येत नाहीं. शिवाय शंभराचा हिशेब तोंडीं होतो. एका मीटरचा एक सेंटिमीटर. डबे पुठ्ठ्याचे घरींच करावयाचे असतील तर हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा दिसतो.

अरुंद रेल्वेची हौस असलेल्याला तर हा त्रासही नाहीं. कुर्डुवाडीजवळून १८९७ सालीं सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिलीमीटर रुंदीची होती. तिला सत्त्याऐंशीनें भागलें कीं पावणेनऊ येतात, आणि एन्‌चे नऊ मिलीमीटरचे रूळ तयारच आहेत. त्या रेल्वेचे रूळ आतां रुंद झाले. ती मूळची छोटी गाडी पाहावयाची तर फळीवरच पाहावी लागेल. १९०७ सालीं सुरू झालेल्या नेरळ-माथेरानच्या गाडीचीं वळणें तर इतकीं आंखूड आहेत कीं तिच्या प्रतिकृतींत तीं फारशीं आंखूड करावीच लागत नाहींत.

आतांपर्यंत झालें तें उतारूगाडीचें. पण दोन खोल्यांच्या घराला सर्वांत अधिक मानवणारी गोष्ट मालधक्क्यावर आहे. इंग्लंडांत अॅलन राइट या गृहस्थानें इंगलनूक नांवाची एक युक्ति काढली. दोन सांधे आणि तीन आडमार्ग; एकांत पांच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. समोरच्या रुळांवर इंजिन आणि तीन वाघिणी एवढीच जागा. एकूण वाघिणी आठ. आठ चिठ्ठ्यांवर त्यांचीं नांवें लिहावीं, पांच चिठ्ठ्या काढाव्या, आणि ज्या क्रमानें त्या निघाल्या त्याच क्रमानें पांच वाघिणींची गाडी जुळवून दाखवावी. वाघीण हातानें उचलावयाची नाहीं. जें काय करावयाचें तें इंजिनानें. आठांतून पांच क्रमानें निवडण्याचे प्रकार ६७२० होतात. रोज एक डाव मांडला तरी अठरा वर्षें पुरावे! आणि हें सर्व, चारचाकी जुन्या वाघिणी घेतल्या तर, एच्-ओमध्यें सव्वा-दीड मीटरांत आणि एन्‌मध्यें त्याच्या निम्म्यांत बसतें. लोखंडी कपाटाच्या डोक्यावरही मावेल. पण कपाटावर ठेवूं नये, कारण स्टुलावर चढून कोणी फार दिवस खेळत नाहीं.

या मालधक्क्याला चिंचवडचें नांव द्यावयास काय हरकत आहे? तेथल्या धक्क्यावरून आगगाडीनें मोटारी लांबच्या प्रांतांत गेलेल्या आहेत. त्या ज्या डब्यांतून जातात ते बहुधा उतारूंच्या सेवेंतून निवृत्त झालेले जुने डबे असतात. त्यांच्या खिडक्या पत्र्यानें बंद करतात आणि टोंकाला दारें बसवितात. नवशिक्याला पहिली प्रतिकृति करावयाला याहून चांगला डबा नाहीं, कारण खिडक्या कापण्याचें किचकट काम रेल्वेनें आधींच वांचविलेलें आहे.

सामानाच्या बाबतींत थोडक्यांत सांगतां येईल. डोंगरासाठीं थर्मोकोलचे थर एकावर एक चिकटवून सुरीनें कोरावे, त्यांवर प्लास्टरमध्यें भिजविलेलें वर्तमानपत्र बसवावें. सह्याद्रीचा पाषाण लाव्ह्याच्या आडव्या थरांचा आहे. कडा पायरीपायरीनें तुटलेला दिसला पाहिजे. युरोपांतल्या चित्रांवरून टोंकदार सुळके काढले तर घाट बोरघाट राहत नाहीं. माती म्हणून खरीच माती फडक्यांतून गाळून घ्यावी. खडीसाठीं बारीक वाळू चहाच्या गाळणीनें चाळावी, रुळांत पसरावी, आणि फेव्हिकॉल पाण्यांत पातळ करून त्यांत भांडीं घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकून ड्रॉपरनें सोडावा; साबणाच्या थेंबानें पाणी वाळूंत शिरतें, नाहींतर तें वरच मोत्यासारखें उभें राहतें. हिरवळ करवतीच्या भुशाला रंग देऊन होते. मात्र ऋतु एकच धरावा. अर्धा डोंगर श्रावणांतला आणि अर्धा वैशाखांतला, असें अनेक फळ्यांवर दिसतें.

पावसाळा ही खरी परीक्षा. प्लायवूडला दोन्ही बाजूंनीं रंग दिलेला नसेल तर आषाढांत फळी धनुष्यासारखी वांकते आणि सांधे अडकतात. उलट एप्रिलमध्यें रूळ तापून लांबतात. म्हणून दोन तुकड्यांमध्यें पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवावी. खऱ्या रुळांच्या जोडांतही ती याचसाठीं ठेवतात. रूळ विकत घेतांना पितळेचे टाळावे. पितळेवर काळा थर लवकर चढतो आणि वीज अडते. बाजारांत ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात, आणि ज्यांत चांदी नांवालाही नसून तांबें, जस्त व निकेल असतें, त्याचे रूळ अधिक दिवस चांगले राहतात. भोसरी-चाकणकडच्या धुळीला तर दुसरा उपाय नाहीं. खेळ संपला कीं वरून कापड, आणि सुरू करण्यापूर्वीं रुळांवरून स्पिरिटचा बोळा.

फळी ठेवावयाची कोठें, हा घरगुती प्रश्न मोठा आहे, आणि तो पुरुषानें एकट्यानें सोडवूं नये. दिवाणावर बसल्यावर जी डोळ्यांची रेषा येते त्या उंचीवर, भिंतीला ब्रॅकेट लावून बसविलेली फळी सर्वांत उत्तम. गाडी वरून न दिसतां बाजूनें दिसते, जशी ती फाटकापाशीं दिसते. तें शक्य नसेल तर बिजागरीवर भिंतीशीं मिटणारी फळी, किंवा दिवाणाखालचा खण. रुळांखालीं बुचाचा पातळ थर घातला तर आवाज पुष्कळ कमी होतो, आणि रात्रपाळी करून आलेल्या शेजाऱ्याची झोंप मोडत नाहीं.

पाळीचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कारखान्याच्या वस्तींत पुष्कळ घरीं बाप आणि मुलें यांची आठवडेच्या आठवडे गांठ पडत नाहीं. बाप घरीं येतो तेव्हां मूल शाळेंत गेलेलें असतें; मूल येतें तेव्हां बाप झोंपलेला असतो किंवा पुन्हां निघालेला असतो. मालधक्क्याचा डाव अशा घरासाठींच काढला आहे कीं काय असें वाटतें. फळीपाशीं एक नोंदवही ठेवावी. सकाळीं कामावरून आलेला बाप पांच चिठ्ठ्या काढतो, त्यांचा क्रम वहींत लिहितो, अर्धी गाडी जुळवतो आणि झोंपावयास जातो. दुपारीं मुलगी येते, वही वाचते, गाडी पुरी करते, किती फेऱ्यांत झाली तें लिहिते, आणि खालीं नवा क्रम घालून ठेवते. कधीं एखादी वाघीण रुळावरून घसरलेली असते. ती कोणाच्या पाळींत घसरली यावर वहींतच तंटा चालतो. वर्तुळावर फिरणाऱ्या गाडीला हें साधणार नाहीं. तिला पाहणारीं माणसें एकाच वेळीं हजर लागतात. मालगाडीला थांबतां येतें.

राहतां राहिलें चाकण. चाकणला आगगाडी नाहीं. मोटारींचे एवढे कारखाने, कांद्याची एवढी मोठी बाजारपेठ, आणि सर्व मालाची ने-आण रस्त्यानें. तेथें राहणाऱ्यानें कशाची प्रतिकृति करावी? त्यालाच खरी मोकळीक आहे. दिवाणाखालच्या नव्वद सेंटिमीटरांच्या खणांत त्यानें चाकण स्टेशनच बांधावें. एक फलाट, दोन आडमार्ग. एकावर कांद्याच्या गोण्यांच्या वाघिणी, दुसऱ्यावर खिडक्या बंद केलेले मोटारींचे डबे. मुख्य रूळ खणाच्या कडेपाशीं बोगद्यांत शिरतो, आणि तेथून तळेगांवाकडे जातो असें धरून चालावें. फलाटावर पिवळी पाटी लावावी, काळ्या अक्षरांत नांव लिहावें. अशा पाटीवर रेल्वे समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहीत असते. चाकणच्या पाटीवर ती ओळ कोरी ठेवावी. मोजणी व्हावयाची आहे.